‘उष्टं’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

प्रश्न एका बाबांचा आहे. लेक आठ वर्षांची, जन्मापासून परदेशात. मैत्रिणीने तोंड लावलेल्या ग्लासातलं पाणी ती प्यायला गेली, तेव्हा भारतातून आलेली आजी म्हणाली, ‘‘थांब, उष्टं आहे ते.’’ उष्टं म्हणजे काय, असं लेकीने विचारल्यावर बाबांनी ‘लेफ्टओव्हर’ सांगून वेळ मारून नेली. लेकीला ते पटलं नाही. फ्रिजमधली कालची भाजी लेफ्टओव्हर आहे, मग ती आजी कशी खाते? आता बाबा विचारतात: भाषांतर होतच नाही असे शब्द खरोखर असतात का? आणि अशा शब्दांमधून संस्कृती कळते म्हणतात, ते कितपत खरं?

आधी लेकीला शाबासकी द्या. तिने पाच मिनिटांत जे पकडलं, ते लक्षात यायला मला या धंद्यात काही वर्षं घालवावी लागली. मी 26 वर्षं मराठीतून इंग्रजीत आणि हिंदीत भाषांतर करते. पोटापाण्याचं काम म्हणजे संशोधकांनी घेतलेल्या बायकांच्या मुलाखती, जमिनीचे आणि कोर्टाचे कागद, आणि अलीकडे दवाखान्यांसाठी फोनवर दुभाषाचं काम. कथा-कविता क्वचित, हौसेपोटी. त्यामुळे माझं उत्तर थोडं रुक्ष वाटेल. ‘जगातले सुंदर अननुवादित शब्द’ अशा याद्या फिरत असतात, त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही.

उष्टं हा शब्द संस्कृतातल्या उच्छिष्टवरून आला. हिंदीत त्याला जूठा म्हणतात, बंगालीत एँटो, कन्नडमध्ये एंजलु, तेलुगूत एंगिली, तमिळमध्ये एच्चिल; तमिळ शब्दाचा अर्थ थुंकी असाही होतो, म्हणजे तिथे आडपडदाच नाही. आता गंमत बघा. भाषाकुळाच्या हिशोबाने मराठी आणि इंग्रजी लांबच्या का होईना पण बहिणी आहेत, दोघी इंडो-युरोपीय. कन्नड आणि तमिळ तर वेगळ्याच, द्राविडी कुळातल्या. तरी ‘उष्टं’ बेळगावात कन्नडमध्ये नेताना भाषांतरकाराला श्वाससुद्धा घ्यावा लागत नाही, आणि इंग्रजीत नेताना घाम फुटतो. कारण त्या शब्दाच्या मागे जो स्वयंपाकघरातला नियम आहे, तो बेळगावच्या दोन्ही भाषांतल्या घरांत आहे आणि इंग्रजी घरात नाही. थुंकीचा स्पर्श झाला की अन्नाचा दर्जा बदलतो, हा तो नियम. ‘खरकटं’ त्याहून वेगळं: तिथे कुणी खाल्लेलं असण्याचीही गरज नाही, शिजलेल्या भाताचं शीत हाताला लागलं तरी हात खरकटा. इंग्रजीत दोन्हींना मिळून एकसुद्धा शब्द नाही.

म्हणून ‘भाषांतर होत नाही’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कुठल्या भाषेत होत नाही, ते सांगा.

या एका शब्दात केवढा पसारा आहे तेही बघा. बाळाला पहिला भात भरवतात, त्या विधीला आपण उष्टावण म्हणतो. शबरीची बोरं उष्टी होती आणि तेच त्यांचं मोल. कंजूष माणूस ‘उष्ट्या हाताने कावळा हाकणार नाही’, कारण हात हलवला तर बोटांना लागलेली शितं उडून कावळ्याला मिळतील. हे वाक्य इंग्रजीत नेऊन दाखवा, मी तुमची शिष्या होईन. सणाच्या दिवशी घरातल्या बायका ‘उष्टी-खरकटी काढण्यात’ संध्याकाळ घालवतात. आणि मग त्याच शब्दाची दुसरी बाजू: गावचं लग्न उरकल्यावर पत्रावळींवर उरलेलं अन्न हाच ज्यांच्या राबण्याचा मोबदला मानला जायचा, त्यांच्यासाठी उष्टं हा शब्द सोवळ्या आजीच्या तोंडचा राहत नाही. दलित लेखक ओमप्रकाश वाल्मीकी यांच्या 1997 च्या हिंदी आत्मकथनाचं नावच ‘जूठन’ आहे. ते 2003 मध्ये इंग्रजीत आलं तेव्हा शीर्षकात तो शब्द तसाच राहिला. मला ते अगदी योग्य वाटतं. ‘लेफ्टओव्हर्स’ असं नाव दिलं असतं तर पुस्तक कालच्या भाजीबद्दलचं वाटलं असतं.

थोडक्यात, उष्टावणातली माया आणि पत्रावळीवरचा अपमान एकाच नियमाने चालतात: कुणाचं उष्टं कुणी खायचं. आई मुलाचं खाते, बायको नवऱ्याच्या ताटात जेवते किंवा पूर्वी जेवायची, उलटं सहसा होत नसे. शब्द नुसता ‘भावना’ सांगत नाही. घरात आणि गावात कोण वर, कोण खाली, कोण जवळचं, कोण लांबचं, याचा तो एक अख्खा व्यवहार आहे.

आता ‘भीड’ घ्या. हा शब्द मी एकदा इतका चुकवला की अजून आठवण झाली की कसंसं होतं. परदेशातला एक दवाखाना, फोनवर मी, पलीकडे गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या सत्तरीच्या मराठी आजी. नर्सने विचारलं, दुखतंय का, औषध देऊ का. आजी म्हणाल्या, ‘‘नको बाई, राहू दे. तुम्हाला कशाला त्रास.’’ मी शब्दाला शब्द देऊन सांगितलं: नको म्हणतात, तुम्हाला त्रास द्यायचा नाही म्हणतात. नर्सने ‘रुग्णाने नकार दिला’ अशी नोंद केली आणि ती गेली. तासाभराने त्यांच्या मुलीचा फोन दवाखान्यात, तिथून पुन्हा मला: आई कळवळतेय आणि औषध का दिलं नाही?

माझं भाषांतर बरोबर होतं. शब्दकोश उघडून कुणीही तपासावं. पण आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे उत्तर नसतं, ते उत्तराची सुरुवात असते. पंगतीत जिलेबी वाढायला आलेल्याला ताटावर हात आडवा धरून आपण नको म्हणतो, तो म्हणतो ‘‘घ्या हो, एकीने काय होतंय’’, आपण पुन्हा नको म्हणतो, आणि तिसऱ्या वेळी हात थोडा बाजूला होतो. जो पहिल्या ‘नको’ला जिलेबीची परात घेऊन पुढे निघून जातो, त्याला वाढता येत नाही असं म्हणतात. आजी त्या पंगतीचे नियम घेऊन दवाखान्यात झोपल्या होत्या. नर्सच्या देशात नको म्हणजे नको, आणि त्याचा मान राखणं हीच सभ्यता. दोघीही एकमेकींशी अत्यंत चांगलं वागल्या आणि एक तास आजी कळवळत राहिल्या.

त्या दिवसापासून अशा वेळी मी एक वाक्य माझ्या नावाने बोलते: ‘‘दुभाषा म्हणून सांगते, या वयाच्या मराठी बाईचं पहिलं नको भिडेपोटी असू शकतं, कृपया अजून एकदा विचारा.’’ दुभाषाला एवढी मोकळीक असते, फक्त आपण स्वतःच्या वतीने बोलतोय हे उघड सांगावं लागतं. रुग्णाच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत.

भिडेला लाजाळूपणा म्हणून चालत नाही, संकोच म्हणूनही पुरतं जमत नाही. लाज माझी असते; भीड समोरच्याची असते. ‘त्यांची भीड पडते’, ‘भीड मोडवत नाही’, ‘दोन-चार भेटींत भीड चेपली’, ‘मामांना भीड घालून बघा, नोकरीचं होईल.’ आणि वर शहाण्यांनी सांगून ठेवलंय, भीड भिकेची बहीण. ही म्हण ज्या भाषेत आहे, तिच्यातल्या लोकांना स्वतःच्या या गुणाबद्दल किती कमी भ्रम आहेत बघा! ‘अननुवादित’ शब्दांच्या याद्यांत हे कधी येत नाही. तिथे प्रत्येक शब्द म्हणजे त्या समाजाचं काहीतरी गोड गुपित असतं.

भिडेच्या निमित्ताने माझी कामाची एक सवय सांगते. शब्द अडला की मी त्याचा अर्थ शोधत बसत नाही, त्याची क्रियापदं गोळा करते. अब्रू जाते, मोडत नाही. लाड पुरवतात. रुसवा काढतात, म्हणजे तो काढायला दुसरं माणूस लागतंच. एकट्याने रुसणं निरर्थक. भीड पडते, मोडते, चेपते आणि घातलीही जाते. क्रियापदांवरून कळतं की त्या वस्तूशी लोक नेमकं करतात काय. अर्थ सांगताना माणूस सजवून सांगतो, क्रियापद वापरताना त्याला सजवायचं सुचत नाही.

आणि याच सवयीमुळे मला ‘माहेर’ कळलं. म्हणजे, माहेर मलाही आहे, शब्द तर पाळण्यापासून ठाऊक होता.

मुलाखत एका साठीच्या शेतकरी बाईंची होती. वडिलांच्या जमिनीत हक्क होता, त्यांनी भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘सही केली. नायतर माहेर तुटलं असतं.’’ मी इंग्रजीत लिहिलं की नाहीतर माहेरच्या कुटुंबाशी संबंध तुटले असते. संशोधक बाईंचा लगेच उलट प्रश्न आला: म्हणजे भावाने धमकी दिली होती का? मी टेप पुन्हा ऐकली. भाऊ काहीच बोलला नव्हता. उलट वहिनीने त्या दिवशी पुरणपोळी केली होती, साडी नेसवली होती, ओटी भरली होती. धमकी कुणी दिलीच नव्हती, ती शब्दातच होती.

माहेर म्हणजे आईबापांचं घर नव्हे. आईबापांचं घर भावालाही असतं, त्याला माहेर नसतं. लग्न न झालेल्या मुलीलाही नसतं. ज्या दिवशी तिचं लग्न लागतं, त्या दिवशी तिच्या स्वतःच्या घराचं माहेर होतं. म्हणजे ते तिचं उरत नाही, तेव्हाच त्याला तो शब्द मिळतो. तिथे ती हक्काने राहत नाही, माहेरपणाला जाते, चार दिवस. तिथे तिचे लाड होतात, कारण ती परत जाणार आहे. या व्यवहारात जमीन मागणं म्हणजे पाहुणीने घरमालक होणं. कायदा यातलं काहीच ओळखत नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, केंद्राने 2005 मध्ये तो देशभर नेला, आणि मुलीला हा हक्क जन्मानेच मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरी तलाठ्याकडे हक्कसोडीची प्रकरणं येतच राहतात. त्या कागदांत माहेर हा शब्द कुठेच नसतो. ‘राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय’ असं लिहिलेलं असतं, आणि तेही एका अर्थी खरंच असतं.

शेवटी त्या अहवालात मी ‘माहेर’ हा शब्द तसाच ठेवला आणि पहिल्यांदा आला तिथेच वाक्याच्या ओघात सांगून टाकलं की बाईला हे घर लग्नाने मिळतं आणि वाटा मागितल्याने जातं. त्यापुढे इंग्रजी वाचणाऱ्यांना काही अडलं नाही. हिंदीत मात्र ‘मायका’ लिहिलं आणि मोकळी झाले. कन्नडमध्ये ‘तवरु मने’, नेपाळीत ‘माइती’. पुन्हा तेच: जिथे व्यवहार आहे तिथे शब्द आहे.

एकनाथांनी पंढरीला माहेर म्हटलं. पुरुष असून. वारकऱ्यांच्या तोंडी ते इतकं रुळलंय की आपल्याला त्यात काही नवल वाटत नाही. पण हे इंग्रजीत नेताना जाणवतं की संतांना तिथे पोचण्यासाठी आधी सासुरवाशीण व्हावं लागलंय. संसार हे सासर, वारी हे चार दिवसांचं माहेरपण. ज्या वाचकाला सासर माहीत नाही, त्याला हा अभंग नुसता ‘देवाचं घर माझं घर’ असा वाटणार, आणि ते चारशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसावर अन्याय करणारं आहे.

बरं, न होणारं भाषांतर नेहमी नामांतच असतं असं नाही. मला सर्वांत जास्त छळलंय ते ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांनी. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, हिंदीतही ‘हम’मध्ये दोन्ही कोंबलेले. आपल्याकडे ऐकणारा धरून म्हणायचं तर आपण, त्याला वगळून म्हणायचं तर आम्ही; गुजरातीतही हा फरक आहे, तमिळ-तेलुगूसारख्या द्राविडी भाषांत तर आहेच. नवी सून काहीतरी वेगळ्या पद्धतीने करते आणि सासू अगदी गोड आवाजात म्हणते, ‘‘आमच्याकडे असं करत नाहीत.’’ आवाज चढलेला नाही, शिवी नाही. पण त्या एका शब्दात सुनेला उंबऱ्याबाहेर उभं केलंय. दोन-चार वर्षांनी तीच सासू पाहुण्यांसमोर ‘‘आपल्याकडे कशी गं करतात ती भाजी, सांग यांना’’ म्हणते, त्या दिवशी सून घरात आली. लग्न कधीचंही असो. आणि तीच मुलगी माहेरी आईच्या स्वयंपाकघरात उभी राहून सहज बोलून जाते, ‘‘आमच्याकडे आमटीत गूळ नाही घालत’’, तेव्हा आईची पळी क्षणभर थांबते. तिला कळतं, लेक गेली. हे सगळं इंग्रजीत एका ‘वुई’मध्ये कुठे मावणार? अशा ठिकाणी मी शब्दाचा नाद सोडते आणि पळी थांबलेली दाखवते, किंवा सासूच्या वाक्यात ‘या घरात’ आणि नंतरच्या वाक्यात ‘आपल्या घरात’ असा फरक आणते. थोडं सांडतं. सांडू द्यायचं.

उलट दिशेचा त्रास लोक विसरतात. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तेव्हा मराठीत कुठे ‘गोपनीयतेचा अधिकार’ छापून आलं, कुठे ‘खासगीपणाचा’. गोपनीयता म्हणजे काहीतरी लपवायचंय. प्रायव्हसीत लपवणं नसतं, मला एकटं सोडा एवढंच असतं. मग मराठी माणसाला प्रायव्हसी नको असते असा निष्कर्ष काढायचा का? दोन खोल्यांच्या चाळीत सात माणसांत राहिलेल्या कुणालाही विचारा. पाठ फिरवून झोपणं, पडदा लावणं, ऐकू आलेलं न ऐकल्यासारखं करणं, सगळं होतं. नाम नव्हतं. तसंच जर्मन शाडनफ्रॉयडचं. दुसऱ्याच्या फजितीचा आनंद, आणि त्याला म्हणे फक्त जर्मनांकडे शब्द. आपल्याकडे नाम नाही हे कबूल, पण ‘‘बरी जिरली!’’ म्हणताना मराठी माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठल्या जर्मनाला कमी वाटेल? तेव्हा शब्द नाही म्हणून भावना नाही, हे सूत्र मला मान्य नाही. शब्द असला की त्या गोष्टीवर समाजाने पुष्कळ बोलून ठेवलंय, नियम करून ठेवलेत, एवढं मात्र धरून चालते.

आणि शब्द निर्यात झाला की त्याचं काय होतं, याला गोव्याचा सुशेगाद पुरेसा आहे. पोर्तुगीज सोसेगादोवरून कोंकणीत आला. स्वस्थ, निवांत, धावपळ न करता समाधानाने असलेला. पर्यटनाच्या जाहिरातींनी तो उचलला आणि आता बाहेरच्यांना वाटतं, सुशेगाद म्हणजे दुपारी झोपणारा आळशी गोंयकार. पहाटे होडी काढणाऱ्या रांपणकाराला, म्हणजे मच्छीमाराला, किंवा पहाटेच भट्टी पेटवणाऱ्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, हे ऐकवून बघा. शब्द तोच, व्यवहार गायब. चहाच्या मगावर छापलेल्या कुठल्याही ‘अननुवादित’ शब्दाकडे मी त्यामुळे जरा संशयानेच बघते.

आता बाबांच्या मूळ अडचणीकडे. संस्कृती कळते का? कळते, पण कौतुक करायच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: हा शब्द असण्याची सोय कुणाला आहे? माहेर या शब्दाची सोय भावाला आहे आणि बहिणीलाही आहे, फक्त सारखी नाही. भिडेची सोय मागणाऱ्याला जास्त आहे. उष्ट्याचं तर वर सांगितलंच. लेकीला मराठी शिकवताना हे सगळं आज सांगायची गरज नाही, पण तिला शब्द गोड गोळीसारखा देऊ नका. ती पुढे मोठी होऊन हक्कसोडपत्र वाचणार आहे.

सध्या तिला एवढंच सांगा की उष्टं म्हणजे कुणाचं तरी तोंड लागलेलं. फ्रिजमधल्या भाजीला ते लागलेलं नाही म्हणून आजी ती खाते. मैत्रिणीचा ग्लास चालेल की नाही ते तुमच्या घराने ठरवायचं, मी त्यात पडत नाही. आणि मग आजी समोर असतानाच विचारा की तुम्ही लहानपणी ताटात टाकून उठायचात तो वरणभात कोण संपवायचं.